बोटीवरचा सोफा आणि रांगणारी नात

पत्र दापोली तालुक्यातून आलं आहे. थोडक्यात देतो.

"काका, नमस्कार. समुद्रापासून पाच मिनिटांवर आमचं चिरेबंदी, कौलारू घर आहे. तीन खोल्या पर्यटकांना देतो. यजमान पंचवीस वर्षं बोटीवर होते. निवृत्त झाल्यावर ते गुजरातेत अलंगला, जिथे जुनी जहाजं मोडतात तिथे गेले आणि मोडीत निघालेल्या एका प्रवासी जहाजावरचे दोन सोफे आणि चार गाद्या घेऊन आले. सामान दणकट होतं, पाहुणेही खूश होते. आता मात्र सोफ्याखालून रोज पिवळट भुगा पडतो. माझी लेक बाळाला घेऊन गणपतीपासून इथेच आहे. नात अकरा महिन्यांची, ओटीभर रांगते. जावईबापूंनी कुठे तरी वाचलं की अशा फोममध्ये आग लागू नये म्हणून घातलेलं रसायन असतं आणि त्याने कॅन्सर होतो. ते म्हणतात, आजच जाळून टाका. यजमान म्हणतात, जाळायचं कसलं, आग लागली तर हेच आपल्याला वाचवील. त्यातच मंडपवाला म्हणतो की पडद्यांवर आणि माळ्याच्या लाकडावर फायरप्रूफचा फवारा मारून घ्या. कोणाचं ऐकू? आणि लेक बाळाला अंगावर पाजते, ते बंद करावं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच प्रश्नाने तुमची झोप उडाली असणार. लेकीने अंगावर पाजणं अजिबात थांबवू नये. ही रसायनं आईच्या दुधात उतरतात, हे खरं आहे. स्वीडनमध्ये वर्षानुवर्षं साठवून ठेवलेले दुधाचे नमुने तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात त्यांतलं प्रमाण चढतच गेल्याचं दिसलं, आणि त्यानेच युरोप जागा झाला. पण तिथल्या आयांनाही पाजणं थांबवा असं कोणी सांगितलं नाही. दुधाचा फायदा या जोखमीहून खूप मोठा आहे. वापर घटला तसं दुधातलं प्रमाणही उतरू लागलं. म्हणून करायचं ते आपल्या घरात करायचं, लेकीच्या अंगावरच्या दुधाला दोष द्यायचा नाही. हे तिला तुम्ही स्वतः जवळ बसून सांगा, फोनवरचा लेख वाचून ती घाबरलेली असेल.

आता सोफा. यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला आग म्हणजे काय ते आपल्याहून जास्त कळतं. भर समुद्रात जहाजाला आग लागली तर पळणार कुठे? म्हणूनच समुद्री सुरक्षेच्या सोलास करारात प्रवासी जहाजांवरच्या गाद्या आणि सोफ्यांना आगीची चाचणी पास व्हावी लागते. साधा पॉलियुरेथेन फोम त्या चाचणीत सहसा टिकत नाही, म्हणून जुन्या काळी त्यात ब्रोमीन किंवा क्लोरीनची रसायनं मिसळत. तुमच्या सोफ्यात ती आहेतच असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण शक्यता दाट आहे. घरच्या घरी तपासता येईल अशी सोपी चाचणी नाही. यजमानांना सांगा, तुकडा पेटवून बघू नका. तो धूर सगळ्यात वाईट.

हे रसायन काम कसं करतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. ज्योत म्हणजे एक साखळी असते. जळणाऱ्या वायूतले अस्थिर कण एकमेकांना पेटवत जातात. ब्रोमीन त्या कणांना पकडून साखळी तोडतो. फॉस्फरसची रसायनं पृष्ठभागावर काळा कोळशासारखा थर धरतात आणि हवा आत जाऊ देत नाहीत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड साधारण २०० अंशांपुढे तापलं की स्वतःतलं पाणी सोडतं आणि आगीला थंड करतं. त्यामुळे आगरोधक म्हटलं की सगळं विष असं समजू नका. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हा यातला बराच निरुपद्रवी भाऊ आहे.

खरी अडचण दुसरीकडे आहे. काही रसायनं प्लास्टिकशी रासायनिकरीत्या जोडली जातात आणि तिथेच राहतात. काही मात्र नुसती मिसळलेली असतात. तळलेले पापड कागदावर ठेवले की तेल जसं कागदाला उतरतं, तशी ती हळूहळू फोममधून बाहेर येतात आणि धुळीला चिकटतात. पीबीडीई नावाचं ब्रोमीनचं कूळ या दुसऱ्या प्रकारातलं. त्यातला पेंटा प्रकार फोममध्ये वजनाच्या काही टक्के इतका घातलेला असे. पेंटा आणि त्याच कुळातला ऑक्टा या दोघांवर युरोपने २००४ मध्ये बंदी घातली. २००९ मध्ये त्यांतले मुख्य घटक स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेले, आणि डेका प्रकार २०१७ मध्ये. भारताने २००६ मध्ये या करारावर शिक्कामोर्तब केलं आणि २०१८ च्या नियमांनी पेंटा-ऑक्टाच्या कुळातल्या रसायनांचं उत्पादन, व्यापार, आयात आणि वापर बंद केला. टीव्ही-संगणकांसारख्या वस्तूंमध्ये पीबीडीई ०.१ टक्क्याच्या आत हवं असाही आपला नियम आहे. पण हे सगळं नव्या मालासाठी. ज्या जहाजाच्या आत हे सामान तीस वर्षांपूर्वी बसवलं, त्याला कोण विचारणार? जहाज मोडताना घातक वस्तूंची यादी सोबत ठेवावी असा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला आहे, आणि पीबीडीईचं नाव त्यात आहे. पण सोफा बाजारात येतो तेव्हा ती यादी त्याच्या पाठीवर चिकटवलेली नसते.

जावईबापूंचा कॅन्सरचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, पण नेम जरा बाजूला गेला आहे. या कुळातल्या काही रसायनांवर कॅन्सरचा संशय आहेच. पीबीडीईच्या बाबतीत मात्र जास्त भक्कम पुरावा लहान मुलांच्या मेंदूचा आहे. या रेणूंची घडण थायरॉइडच्या संप्रेरकासारखी असते, आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्याच संप्रेरकावर अवलंबून असते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या परीक्षणात असं दिसलं, की आईच्या शरीरातलं प्रमाण दहापट वाढलं तर मुलाच्या बुद्ध्यंकात साधारण ३.७ गुणांची घट आढळते. एका मुलाच्या बाबतीत ती कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. लाखो मुलांच्या बाबतीत ती फार मोठी होते. आणि पेंटातले काही घटक एकदा शरीरात गेले की चरबीत बसतात, निम्मे व्हायलाच काही वर्षं घेतात. डेका मात्र साधारण १५ दिवसांत निम्मा होतो. म्हणजे कूळ एक असलं तरी स्वभाव वेगळा.

मग जोखीम मोजायची कशी? मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं सुरक्षेचं काम केलं. तिथे शिकलेली गोष्ट सांगतो. एका कारखान्यात, नाव घेत नाही, प्लास्टिकच्या दाण्यांत अशाच आगरोधक रसायनाची पांढरी भुकटी मिसळत. हवेतली धूळ मोजली तर मर्यादेत. मास्क होते, पंखे होते. तरी कामगारांच्या अंगात ती भुकटी जातेय अशी मला शंका होती, कारण दुपारच्या सुट्टीत मी एकाच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवलं आणि बोट पिठात बुडवल्यासारखं पांढरं झालं. डबा मशीनशेजारच्या खिडकीत ठेवलेला असायचा. हवेतली धूळ मोजत बसलो, आणि ती भुकटी भाकरीबरोबर पोटात जात होती. डबे दुसऱ्या खोलीत हलवले, जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सक्ती केली आणि कामाचे कपडे घरी न्यायला बंदी केली. खर्च जवळजवळ शून्य. व्यवस्थापनाला हे पटवायला मात्र आठ महिने गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी रसायनाचं नाव ऐकून घाबरत नाही आणि बेफिकीरही होत नाही. ते किती विषारी आहे हा झाला अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा असा, की ते वस्तूतून सुटतं का, कोणत्या वाटेने येतं आणि कोणाच्या तोंडात जातं. तुमच्या ओटीवर तिन्ही उत्तरं वाईट आहेत. फोम जुना होऊन भुगा होतोय. वाट म्हणजे जमीन. आणि त्या जमिनीवर तुमची नात हातांनी चालते आणि दर मिनिटाला बोटं तोंडात घालते. दिवसभरात तिच्या पोटात चिमटीतल्या मिठाहूनही कमी धूळ जात असेल, पण तिचं वजनही आठ-नऊ किलोच. त्याच सोफ्यावर बसून पेपर वाचणाऱ्या यजमानांची जोखीम तिच्या मानाने नगण्य आहे. म्हणून घरातल्या घरात एकाला धोका दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही.

तेव्हा सोफ्याचा फोम काढायचा, पण जाळायचा नाही. पॉलियुरेथेन पेटला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो, आणि त्यात ब्रोमीन असेल तर डायॉक्सिनच्या जातीची विषं तयार होतात. ती माडाच्या मुळाशी, विहिरीच्या काठावर राखेत बसून राहतील. भंगारवाल्यालाही विकू नका. तुकडे करून, चिकटवून त्याच्या पुन्हा गाद्या होतात आणि तुमच्या घरची पीडा दुसऱ्याच्या घरी जाते.

काम असं करा. लेक आणि नात दिवसभरासाठी शेजारी किंवा नातेवाइकांकडे जाऊ देत. वारा पडलेला असताना सकाळी सोफे खळ्यात न्या, खाली जुनी ताडपत्री अंथरा. फोमवर हाताने पाणी शिंपडा म्हणजे भुगा उडणार नाही. साधा रुमाल नको, एन९५ मास्क लावा, हातमोजे घाला. कापड आणि फोम एकत्रच जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: 'जुना फोम, जाळू नये'. पिशव्या पावसाचं पाणी न लागेल अशा ठिकाणी ठेवून ग्रामपंचायतीत लेखी द्या. जिल्हा परिषदेच्या स्वच्छता विभागालाही कळवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय चिपळूणला आहे, तिथे विचारा. तळोज्याला घातक कचऱ्याची अधिकृत जागा आहे, पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी चालते, एका घराच्या चार पिशव्या न्यायला कोणी लगेच येणार नाही. ही व्यवस्थेतली उणीव आहे आणि ती तुमच्या डोक्यावर पडायला नको होती. गावातले चार-पाच होमस्टेवाले एकत्र अर्ज केलात तर मात्र कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल. अलंगचं सामान आणणारे तुम्ही एकटेच नसणार.

सोफ्याची लाकडी चौकट ठेवा. ओल्या फडक्याने दोनदा पुसून, उन्हात वाळवून त्यावर कापसाच्या किंवा काथ्याच्या गाद्या करून घ्या. आपल्याकडे काथ्या पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि दमट हवेत तो फोमपेक्षा बरा टिकतो. कापूसही पेटतो, हे विसरू नका, पण त्याची काळजी कशी घ्यायची ते पुढे येतंय. जहाजावरच्या चार गाद्यांचं कापड शाबूत असेल आणि भुगा पडत नसेल, तर घाई नाही. त्यांना घट्ट विणीची, चेनची खोळ शिवून घ्या आणि पैसे जमतील तशा एकेक बदला. लेक आणि नात ज्या गादीवर झोपतात ती मात्र आजच बदला.

धुळीचं काम यापेक्षाही महत्त्वाचं आहे, कारण सोफा गेला तरी धूळ राहते. केरसुणीने कोरडं झाडू नका, भुगा नुसता हवेत उठतो आणि तासाभराने परत खाली बसतो. पोतेरं ओलं करून पुसा. पहिल्या आठवड्यात रोज, मग एक दिवसाआड. कोपरे आणि सोफ्याची जुनी जागा जास्त लक्ष देऊन. फडकं विहिरीपाशी पिळू नका. नातीचे हात दर खाण्याआधी साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने नको, ही रसायनं तेलकट असतात. मऊ खेळणी आठवड्याला धुवा. जुना टीव्ही किंवा भंगार रेडिओ उघडा पडला असेल तर तो तिच्या हाती देऊ नका, त्याच्या प्लास्टिकमध्येही हेच असू शकतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी किनाऱ्यावर राहता म्हणून सांगतो. मासळीच्या फुटक्या थर्मोकोलच्या पेट्या किनाऱ्यावर जाळतात, ते थांबवा. थर्मोकोलच्या काही मालात एचबीसीडी नावाचं ब्रोमीनचं आगरोधक घालत. ते २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या यादीत गेलं, आपल्याकडे २०१८ मध्ये बंद झालं. दक्षिण कोरियात कालवांच्या शेतीसाठी वापरलेल्या थर्मोकोलच्या तरंगत्या ठोकळ्यांतून ते समुद्रतळाच्या गाळात उतरलेलं सापडलं आहे. म्हणून मासे खाणं सोडू नका, पण पेटी पेटवू नका.

आता मंडपवाल्याचा फवारा. मंडपाच्या कापडावर बहुतेक वेळा बोरॅक्स-बोरिक ॲसिड किंवा अमोनियमचे क्षार मारतात. एका दिवसाच्या मंडपाला ते ठीक. पण पडदा एकदा धुतला की क्षार पाण्याबरोबर जातात आणि परत मारावे लागतात. समुद्रकाठच्या हवेत ते ओल धरतात, कौलांखालच्या रिपांचे खिळे गंजतात. बोरिक ॲसिड पुनरुत्पादनाला घातक ठरतं म्हणून युरोपने त्याला धोकादायक यादीत घातलं आहे. लहान मूल हात लावील अशा पडद्यावर मला ते नको आहे. कोणी दुसरं काही देऊ केलं, तर बाटलीवरचं नाव बघू नका, सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा आणि त्यातला कॅस नंबर बघा. तो प्रत्येक रसायनाचा ठरलेला क्रमांक असतो. ११६३-१९-५ म्हणजे डेका, ११५-९६-८ म्हणजे टीसीईपी, १३६७४-८७-८ म्हणजे टीडीसीपीपी. यांतलं काही दिसलं तर नाही म्हणा. शीट देता येत नसेल तरीही नाही म्हणा.

टीडीसीपीपीची गोष्ट मला नेहमी आठवते. १९७७ मध्ये अमेरिकेत आर्लिन ब्लूम आणि ब्रूस एम्स यांनी दाखवून दिलं की मुलांच्या झोपायच्या कपड्यांतल्या ब्रोमीनच्या ट्रिस रसायनाने पेशींच्या जनुकांत बदल घडतात, आणि ते त्याच वर्षी बंद झालं. या आर्लिन ब्लूम म्हणजे १९७८ मध्ये अन्नपूर्णेवर बायकांची मोहीम नेणाऱ्या गिर्यारोहक. ब्रोमीनच्या जागी त्याचा भाऊ, क्लोरीनचा ट्रिस, म्हणजेच हा टीडीसीपीपी, आला. कपड्यांतून तोही काढला गेला, पण २०११ मध्ये तिथल्या बाळांच्या १०१ वस्तूंचा फोम तपासला तर ३६ टक्के नमुन्यांत तोच निघाला. कपड्यातून काढलेलं गादीत शिरलं होतं. म्हणून 'आता सुरक्षित रसायन वापरतो' असं कोणी म्हटलं की मी आधी नाव विचारतो.

आणि यजमानांचा मुख्य मुद्दा: मग आगीचं काय? तिथे त्यांची काळजी शंभर टक्के खरी आहे. फोममधलं रसायन आग थोडी उशिरा लावतं, पण वरचं कापड एकदा धडाडून पेटलं की ते फारसं वाचवत नाही, उलट धूर आणि विषारी वायू वाढवतं. कॅलिफोर्नियाने १९७५ च्या नियमाने फर्निचरच्या फोमला उघड्या ज्योतीची चाचणी लावली होती आणि तिच्यासाठीच ही रसायनं भरली जात. २०१३ मध्ये त्यांनी ती काढून धुमसत्या सिगारेटची चाचणी आणली. वरचं कापड नीट निवडलं तर रसायनाशिवाय ती पास होते. २०२१ पासून ती अख्ख्या अमेरिकेत लागू आहे.

तुमच्या घरात आग लागलीच तर ती सोफ्यातून निघणार नाही. बहुतेक स्विचबोर्डातून निघेल. यजमानांना मेन बंद करून एखादा बोर्ड उघडायला सांगा. खारट हवेने तांब्यावर हिरवी पूड चढलेली दिसेल, स्क्रू ढिले असतील, एखाद्या वायरीचं टोक तपकिरी पडलेलं असेल. पाहुण्यांसाठी एसी बसवलेत आणि तेही जुन्या पंख्याच्या वायरीवरच चालतात का, ते बघा. एसीला मेनपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची लाइन हवी, त्याचा स्वतःचा एमसीबी हवा, आणि सगळ्या घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळता करंट पकडून वीज तोडणारा स्विच. नवी वायर घेताना मात्र एफआरएलएस, म्हणजे सहज न पेटणारी आणि कमी धूर करणारी, घ्या. इथे मी आगरोधकाच्या बाजूने आहे. आग तिथूनच निघते, आणि वायर पाइपात बंद असल्याने त्याची धूळ नातीच्या हाती लागत नाही. आगरोधक दोन्हीकडे असलं तरी जागा बदलली की माझं उत्तर बदलतं.

गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. मच्छर अगरबत्ती मातीच्या परळात ठेवा, पलंगाखाली कधीच नको. समईच्या वरचा पडदा काढून टाका, फवाऱ्याचा प्रश्नच मिटेल. खोल्यांत सिगारेट बंद असल्याची पाटी लावा आणि बाहेर खळ्यात वाळूची बादली ठेवा. आग विझवायचं एक ४ किलोचं एबीसी पावडरचं नळकांडं, आयएसआय मार्क बघून, स्वयंपाकघरात न ठेवता त्याच्या दाराबाहेर टांगा. आत आग असेल तर आत जाऊन ते काढता येणार नाही. प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म लावा, आणि त्यांची बॅटरी दर गणपतीला बदला म्हणजे तारीख लक्षात राहील.

बोर्ड उघडल्यावर काय दिसलं ते मला कळवा. फोटो पाठवायला यजमानांनाच सांगा.